मुठीएवढा थांबा

बालाघाट, १२ ऑक्टोबर १९६९

भोजराज,

ताईचा आशीर्वाद घे, घ्यावासा वाटला तर.

माझं कार्ड दरसाल भाऊबिजेलाच येतं. हे पत्र महिनाभर आधी पाहून तुला वाटेल की आईचं काही झालं. तसं काही नाही. तू गेल्यापासून ती माझ्याकडेच आहे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे, उजेड आणि अंधार तेवढा कळतो. चौदा वर्षांत तू एकाही कार्डाला उत्तर दिलं नाहीस, त्याबद्दल मी काही म्हणत नाही. पत्ता बरोबर आहे हे मला ठाऊक आहे. शेजारच्या शांताबाईंचा पुतण्या वसंता भिलाईला तुझ्याच कारखान्यात आहे, तो सांगतो की तू बरा आहेस.

लिहिण्याचं कारण, यंदा कावळा शिवला नाही.

परवा सर्वपित्रीला नेहमीसारखं बाबांच्या नावाचं पान वाढलं. उडदाचे वडे, कोहळ्याची भाजी, खीर आणि बाबांना आवडायची ती ताकाची कढी. ह्यांनी पान छपराच्या कवेलूंवर ठेवलं आणि ऑफिसात गेले. आई मागच्या अंगणात बसून राहिली. कावळा शिवल्याशिवाय ती पाणीही पीत नाही, अठरा वर्षं हेच चाललं आहे. बारा वाजले, दोन वाजले. कावळे आले, समोरच्या कडुलिंबावर बसले, पानाकडे बघितलं आणि उडून गेले. मी मनातल्या मनात सगळं कबूल करून पाहिलं. सोळा सोमवार, गायीला घास, रामाच्या देवळात तेल. एकही खाली उतरला नाही.

तीन वाजता आई म्हणाली, "शिवला काय वं?"

"हौ आई, शिवला."

"कशाले शिवला?"

"कढीच्या द्रोणाले," मी म्हटलं.

ती हसली. "मले ठाऊकच होतं. कढी सोडणारा माणूस नव्हे तो." आणि जेवायला उठली.

भोजा, गेलेल्याची इच्छा राहिली की कावळा शिवत नाही असं म्हणतात. मला त्याची भीती नाही. दुसऱ्याच कारणाची आहे आणि ते मला कागदावर लिहिता येत नाही. तू गोंदियाच्या फलाटावर जे पाहिलं म्हणालास त्याचा वाद मला आता उकरायचा नाही. वैनगंगेत डोंगा उलटला, सहा जणांची प्रेतं मिळाली, बाबांची फक्त छत्री मिळाली. पळसाच्या पानांचा पुतळा करून तूच त्याला अग्नी दिलास, चौदा वर्षांचा असताना तुझंच डोकं भादरलं. त्यानंतर बोलायचं काय राहतं?

उत्तर नको. वाचून ठेव.

शेवंताताई


बालाघाट, २६ ऑक्टोबर १९६९

भोजराज,

मी उत्तर नको म्हटलं होतं आणि तू ते ऐकलंस. तरी लिहिते. हे सांगायला मला दुसरं माणूस नाही.

काल शांताबाई पापड लाटायला आल्या होत्या. आई भिंतीला टेकून लाट्या मोडून देत होती. शांताबाईंचा भाऊ भरवेलीला खदानीच्या कॉलनीत राहतो, तिथल्या सगळ्या बातम्या त्यांच्या पदरात असतात. म्हणाल्या, "दिवाळीनंतर आमच्या कामगारायची मंडई हाय, मोठी जत्रा भरते. यंदा दंडारीचा खेळ नाही बरं. यंदा गितारवाले दादाजी येऊन राह्यले, नांदगावाकडून."

"गितार?" आई म्हणाली.

"हौ. म्हातारा माणूस हाय, पण लोकं चार-चार कोस चालत जातेत ऐकाले. मांडीवर आडवी घेते, आन् लोखंडाची नळी फिरवते तारायवर. सिनेमाचं नाही वाजवत. आपलंच वाजवते. गोवाऱ्याचं, धानाच्या रोवण्याचं, जात्यावरचं."

आईच्या हातातली लाटी तशीच राहिली. "हिच्या बापाजवळ होती तशी," ती म्हणाली. "खदानीतला गोरा फोरमन देश सोडून गेला तवा देऊन गेलता. रोटी खायाची सोडून ते वाजवत बसे. माह्या भावाले, दुलीचंदले, त्याचाच राग. ते लाकूड विक, पोरीचं लग्न कर, म्हणे. त्याच गोष्टीवरून तो घरातून निंगाला, आन् नदीनं नेला." मग जरा थांबून म्हणाली, "शेवंता, मले ने तथी."

अठरा वर्षांत तिने माझ्याजवळ काही मागितलं नव्हतं. लुगडं विटलं तरी मागत नाही. मी म्हटलं, पाहू.

शांताबाईंना फाटकापर्यंत पोचवायला गेले तर तिथे त्यांनी आवाज खाली केला. "त्या म्हाताऱ्याची एक गंमत सांगू? डाव्या हाताची दोन बोटं नाहीत. उरल्या तिनात नळी धरते, आन् तरी असं वाजवते. माह्या भावानं जवळून पाह्यलं."

बाबांची दोन बोटं खदानीच्या मशीनमध्ये गेली तेव्हा तू पाळण्यात होतास. डावीच.

घरात आले तेव्हा पापडाचं पीठ वाळून गेलं होतं. मी एक पापड कधी वाया जाऊ देत नाही, पण काल ते सगळं पीठ गायीला घातलं. आई विचारत होती, कोणत्या दिवशी हाय मंडई? मी ऐकलं नाही असं केलं. ती आंधळी आहे, भोजा, पण बहिरी नाही.

शेवंता


बालाघाट, ८ नोव्हेंबर १९६९

भोजराज,

दिवाळीची कामं पडली आहेत आणि मी इथे लिहीत बसले आहे.

सगळे उपाय करून झाले. आईला म्हटलं थंडी पडली, खोकला वाढेल. ती म्हणाली घोंगडी घेईन. म्हटलं तिथे दारू पिऊन लोक भांडतात. ती म्हणाली, "तू का मंडईले पहिल्यांदा चालली?" मग वाटलं हे तरी नाही म्हणतील, तर ह्यांनी छकडा सांगून टाकला. "आईले आपण कोठी नेतच नाही. एक दिवस हिंडू दे बिचारीले," म्हणाले. भला माणूस आहे, हाच माझा प्रश्न आहे. वाईट असते तर मला एवढी भीती वाटली नसती.

तुझ्याशी आता निदान अर्धं खरं बोलते. तू पंचावन्न साली गोंदियाहून धावत आलास आणि म्हणालास, फलाटावर बाबा दिसले, गिटार होती, मला पाहून त्यांनी तोंड फिरवलं आणि चालू गाडीत चढले, तेव्हा मी दिवाळीला माहेरी, लालबर्ऱ्याला मामाकडे आलेली होते. तू आईला सांगत होतास आणि बघत होतास माझ्याकडे. मी म्हटलं, "स्वप्न पडलं असेल त्याले." तेवढ्यावरून मामाने बैल हाकायची तुतारी उचलली. तू लालबर्ऱ्याहून निघालास तो गेलासच. त्या दिवशीही मला वाटलं होतं की तू खोटं बोलत नाहीस.

काल रामाच्या देवळात भटजींना विचारलं. माझं नाव घेतलं नाही. म्हटलं, ओळखीतली एक बाई आहे. घरच्या माणसाचं प्रेत मिळालं नाही म्हणून पुतळा जाळला, आणि आता म्हणतात तो जिवंत आहे. त्याला घरात घेतात का?

भटजी म्हणाले, "तसं नाही घेता येत. तो मेलाच आहे. त्याला पहिल्यापासून जन्माला घालावं लागतं. तुपाने न्हाऊ घालायचं, तान्ह्या मुलासारखं कापडात गुंडाळायचं, बारसं करायचं. बायको असेल तर तिच्याशी नव्याने लग्न लावायचं. मग तो घरचा."

"आणि हे काही न करता त्याच्या नावाने दरसाल पान वाढत राहिलं तर?"

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "कोण वाढते?"

"आहे एक बाई, लालबर्ऱ्याची."

"जाणून वाढते का अजाणता?"

मी म्हटलं, अजाणता.

"मग देव सांभाळून घेईल," ते म्हणाले. "जाणून असेल तर मला विचारू नको, बाई."

प्रदक्षिणा न घालताच घरी आले. अठरा पानं झाली, भोजा. प्रत्येक पानाने माणसाचं काय कमी होत असेल? बाहेरून सायकलची घंटी वाजली तरी वाटतं की कोणीतरी सांगायला आलं, तो दादाजी गेला.

आणि तो जिवंत राहिला आणि आईने त्याला ओळखलं, तर मग माझं काय होईल, हेही मनात येतं. बापाविना पोर म्हणून हुंडा न घेता मला ह्या घरात घेतलं. देवाजवळ त्याच्यासाठी आयुष्य मागते आणि स्वतःसाठी मागते की कार्यक्रम होऊ नये. एकाच तोंडाने.

शेवंता


बालाघाट, ११ नोव्हेंबर, भाऊबीज

भोजराज,

चंद्राला ओवाळून आत आले आणि शांताबाईंनी तुझं कार्ड आणून दिलं. त्यांच्या टपालात गेलं होतं. चार शब्द आहेत. "आईची तब्येत खरी कळवा." खरी या शब्दाखाली रेघ आहे.

चौदा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. अजूनही क चं पोट बाबांसारखंच काढतोस.

आईला कार्ड वाचून दाखवलं. तिने ते हातात घेऊन दोन्ही बाजू चाचपल्या आणि विचारलं, "एवढंच हाय, का तू काही ठेवून वाचलं?" हसत म्हणाली, पण मला हसू आलं नाही.

मंडई रविवारी आहे. जे होईल ते खरं कळवीन.

ताई


बालाघाट, १७ नोव्हेंबर १९६९

भोजराज,

काल गेलो होतो. सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर मी पुन्हा काहीतरी गाळीन.

कॉलनीच्या मैदानात दंडारीचा मांडव होता. ऊन होतं, तीन वाजले असतील. बाप्यांकडे ताडपत्री, बायांकडे गोणपाटं. फुगे, रेवड्या, कुठे भजी तळत होते. आई माझा दंड धरून बसली होती आणि हे समोर खांबाजवळ होते. मी मुद्दाम मागे बसायला बघत होते, तर शांताबाई ओरडल्या, "म्हातारीले पुढं आणा, तिले कान हायेत फक्त." आम्हाला अगदी पहिल्या ओळीत बसवलं.

मग त्यांना दोन माणसांनी धरून वर आणलं. मी पदर डोळ्यांपर्यंत ओढला. भोजा, ते आपले बाबा आहेत. केस सगळे गेले, गाल आत गेले, पण बसताना अजूनही आधी डावा गुडघा टेकतात. मला पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी काय ओळखणार होते, तेव्हा मी सतरा वर्षांची होते.

खुंट्या पिळायला बराच वेळ लागला. पोरं कालवा करू लागली. ते म्हणाले, "थांबा रे. ही माह्यापेक्षाही म्हातारी हाय. आमच्या दोघायच्याही खुंट्या ढिल्या." लोक हसले. आई हसली नाही. लाऊडस्पीकरमधून आवाज निराळा येतो, घरघरतो, मला वाटलं नाही ओळखणार. माझ्या दंडावरची तिची बोटं सैल झाली तेव्हा मी श्वास सोडला.

त्यांनी गोवाऱ्यांचं वाजवलं, मग रोवण्याचं. तारेवर नळी अशी सरकत होती की बाई गाताना सूर ओढते तसा तो ओढला जात होता. बाया मान हलवू लागल्या. मी फक्त वाट बघत होते की कधी संपेल. मग ते म्हणाले, "आता एक जात्यावरचं. हे मी खाटेवर पडल्या पडल्या शिकलो. शिकवणारीले ठाऊक बी नाही."

आणि आईचं गाणं सुरू झालं.

तुला आठवतं का सांग. आई पहाटे दळायची तेव्हा दर दोन ओळींनंतर थांबायची, कारण उजव्या हाताने जातं फिरवत डाव्या हाताने मूठभर दाणे आत टाकायचे असत. तेवढा श्वासभर थांबा. तो गाण्यातला नव्हता, कामातला होता. इतर कोणी ते गाणं गायलं तर थांबत नाही. बाबांनी ते खाटेवरून ऐकून उचललं आणि त्यांना वाटलं की तो थांबाही गाण्यातलाच आहे. काल पाचसातशे माणसांसमोर त्यांनी दोन ओळी वाजवल्या आणि नळी उचलली. मूठभर दाणे टाकण्याएवढा वेळ. मग पुढच्या दोन ओळी.

मागून कोणी पोरगा म्हणाला, "दादाजी विसरले."

मी आईकडे बघितलं. तिचा उजवा हात मांडीवर गोल फिरत होता. आणि बाबा थांबले की तिचा डावा हात वर जायचा, मूठ उघडायची, आणि पुन्हा खाली यायचा. दर वेळी बरोबर. असं सात-आठ वेळा झालं. मला वाटलं आता ही इथेच उठेल, ओरडेल, नाहीतर इथेच मरेल. रामाचं नावसुद्धा आठवेना.

गाणं संपलं, टाळ्या झाल्या. त्या गलक्यात तिने माझ्या कानाशी तोंड आणलं.

"शेवंता, त्याच्या डाव्या हाताची बोटं मोज. मोजून सांग मले, किती हायेत."

पाच म्हटलं असतं तर संपलं होतं. पंधरा मिनिटांत छकड्यात बसून घरी. तिला दिसत नाही. कावळा शिवला म्हटलं तसंच. जिभेवर पाच आला होता, भोजा, देवाशपथ सांगते. पण तिचा तो डावा हात अजून अर्धा उघडा माझ्या मांडीवर होता, आणि तुझ्या कार्डावरची रेघ मला दिसली.

मी म्हटलं, "तीन."

तिने तो हात मिटून आपल्या मांडीवर घेतला. वर पुढचं गाणं चालू झालं होतं. मग म्हणाली, "घरी चल."

"आई, त्यायले भेटाचं?"

"मेलेल्या माणसाले कशी भेटू? घरी चल."

छकड्यात पदर तोंडावर घेऊन बसली. ह्यांना वाटलं दमली. घरी आल्यावर देवासमोर बसली आणि मला समोर बसवलं. हे पायरीवर चपला काढत होते, दार उघडं होतं. मी उठून लावू शकले असते. लावलं नाही.

"भोजानं सांगतलं तवा तुले ठाऊक होतं?"

मी जमाखर्चाची जुनी वही काढली. तिच्या पुठ्ठ्याच्या आत अठरा वर्षं एक कार्ड आहे. मी काही फेकत नाही, तुला माहीत आहे. हेही फेकता आलं नाही आणि दाखवताही आलं नाही. तू ते आज पहिल्यांदा वाचशील, आणि त्यावर नाव तुझं आहे. आईला वाचून दाखवलं तसंच इथे उतरवते.

"चि. भोजराज यास महागूचे आशीर्वाद. मी नांदगावला गिरणीत लागलो. रागाने निघालो होतो, राग गेला. वसुबारसेच्या दुपारी गोंदियाला उतरतो. तू घ्यायला आलास तर घरी येईन. नाही आलास तर समजेन की दुलीचंदच्या घरात मला जागा नाही. गिटार विकणार नाही, तेवढं मामाला सांग."

पोस्टमनने ते माझ्या हातात दिलं. तू शाळेत होतास, मामा शेतावर. तेरवी होऊन महिना झाला होता. वर्षाच्या आत लग्न नाही झालं तर तीन वर्षं थांबावं लागतं, म्हणून माझ्या लग्नाची मार्गशीर्षातली तारीख धरली होती. जिवंत माणसाला अग्नी दिला असं कळलं असतं तर ह्यांच्या घरचं कोणी पुन्हा आमच्या पायरीवर आलं नसतं. मी ठरवलं, लग्न झालं की दाखवीन. मग म्हटलं पहिलं मूल झालं की. मग तू आलास आणि मी म्हटलं स्वप्न पडलं असेल.

मामाचा यात काही हात नव्हता. आईचाही नव्हता. तू इतकी वर्षं ज्यांच्यावर रागावलास ती माणसं ही नाहीत.

वाचून झालं तेव्हा आईने पाणी मागितलं. मी पेला पुढे केला तर घेतला नाही. भिंत धरत स्वतः माठापर्यंत गेली.

शेवंता


बालाघाट, २० नोव्हेंबर १९६९

भोजराज,

सतराचं पत्र टपालात टाकलं नाही. ते आणि हे दोन्ही वसंताच्या हाती पाठवते, तो मंडईसाठी आला होता आणि उद्या पहाटेच्या मोटारीने परत निघतो आहे. त्याला सांगितलं आहे, तुझ्या हातात द्यायचं, दुसऱ्या कोणाच्या नाही. टपाल घरात येऊन कुठे राहतं हे तू आत्ताच वाचलंस. बाबांचं कार्डही सोबत आहे. ते तुझं आहे.

चार दिवस आई माझ्या हातचं खात नाही. चाचपत चूल पेटवते, एक भाकर थापते, निम्मी करपते, तीच खाते. मी ताट नेलं तर म्हणाली, "तुह्या हातचं पितरायले चालते. मी अजून जिती हावो." आवाज चढवला नाही. चढवला असता तर मी पाय धरले असते.

ह्यांनी दोन दिवस बोलणंच टाकलं. मी सामान बांधायचं का, ते विचारायची हिंमत झाली नाही. मंगळवारी संध्याकाळी एकच वाक्य बोलले. "दरसाल ते पान तू माह्या हातानं छपरावर ठेवून घेतलं." लग्नाचं, हुंड्याचं, घराण्याचं काही नाही. तेवढंच.

काल ते सायकल घेऊन भरवेलीला गेले. बाबा शांताबाईंच्या भावाकडे उतरले आहेत. आल्यावर आईजवळ बसून सगळं सांगितलं, माझ्याकडे न बघता, पण मला ऐकू येईल असं.

बाबांना माहीतच नव्हतं की त्यांना जाळलं. डोंगा उलटला त्याच्या आधीच्याच खेपेला ते पलीकडे उतरले होते, छत्री तेवढी डोंग्यात राहिली होती. त्यांना वाटत होतं घरच्यांनी नाकारलं. वसुबारसेपासून पाडव्यापर्यंत गोंदियाच्या फलाटावर बसून होते. "पोट्टं नाही आलं," म्हणाले. "मंग चार वर्षांनी दिसलं तं मीच तोंड फिरवलं. म्हटलं, याले लाज वाटन बापाची." ह्यांनी पुतळ्याचं सांगितलं तेव्हा बाबांनी विचारलं, "तेरवीले काय केलतं?" हे म्हणाले, मला नाही माहीत, पण दरसाल कढी असते. त्यावर हसले आणि हसता हसता गमछा तोंडावर घेतला.

हे म्हणाले, घरी चला. ते म्हणाले, "जावईबापू, मी आपल्या पायानं नाही येणार. ज्याले पत्र लेहलं त्यानं घ्यायले याव. पुन्नवेपर्यंत हावो अथी. मंग नांदगावले जाईन."

पौर्णिमा रविवारी आहे.

भटजींचं मी आईला सांगितलं. तुपाचं न्हाणं, कापडात गुंडाळणं, बारसं, लग्न, सगळं. ह्या वेळी "लालबर्ऱ्याची बाई" असं म्हटलं नाही. ती ऐकत होती. मला वाटलं म्हणेल, नांदगावलाच जाऊ दे त्याला. कपाळावर हात फिरवत बसली, जिथे अठरा वर्षं काही नाही तिथे. मग मला म्हणाली, "लेहून घे. मी सांगतो तसंच."

आईने सांगितलं ते हे.

"भोजा, तू खोटा नव्हता. मी तुह्याकडून बोलली नाही, ते माह्या डोक्यावर हाय. बारशाले कानात नाव आत्या सांगते, त्याले आत्या उरली नाही. तू ये. तो जिता हाय असं ज्यानं म्हटलं त्यानंच त्याचं नाव त्याच्या कानात सांगाव. तुह्या बहिणीले मी माफ केलं असं समजू नको. पण तिनं बोटं बरोबर मोजली."

तू येशील की नाही मला माहीत नाही. हे पत्र इथपर्यंत वाचशील की नाही हेही नाही. भीती आता त्याचीच आहे. बाकीच्या सगळ्या भीती संपल्या असं म्हणणार नाही, पण त्या ह्या एकीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आहेत. आलास तर स्टेशनवर हे येतील. मी येऊ का, ते तू कळव. नको म्हणशील तर घरी थांबेन.

वसंता आत्ता पत्र न्यायला आला. आईने ते माझ्याकडून त्याच्या हातात द्यायला लावलं आणि म्हणाली, "वाच रे बापा, मोठ्यानं. मी सांगतलं तेच लेहलं काय पाह्यतो." त्याने वाचलं. मी दाराशी उभी होते. ती प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. "बरोबर हाय," म्हणाली. "काही ठेवलं नाही तिनं." म्हणून हे चार शब्द खाली वाढवते आहे.

वसंता पोरगाच आहे, त्याला राहवेना. "आजी, बारशाचं तं लेहलं. आन् लग्नाचं काय?"

आई म्हणाली, "त्याचं मी मंग पाहीन. आधी त्याले जलमू तं दे."

शेवंता